निळीचे ब्रेक

धाकटीला, धाकट्या सुनेला, दुपारी दवाखान्यातून घरी आणलं. दोघा वॉर्डबॉयनी तिला स्ट्रेचरवरून उचलून पुढच्या खोलीतल्या पलंगावर ठेवलं आणि ते निघून गेले. उजव्या पायाला गुडघ्याखाली बाहेरून लोखंडी सळ्या बसवल्या होत्या. आईने त्याखाली एक उशी सरकवली, मग दुसरी. तरी पाय अधांतरीच राहिला, तेव्हा खुर्चीवरची गादी आणून घातली.

"उंच झालं का?"

"नाही."

"खिडकी लावून घेऊ? ऊन येतंय तोंडावर."

"राहू द्या, आई."

खिडकीतून सगळं अंगण दिसत होतं. रोपांचे वाफे, कुंड्यांच्या रांगा, आणि पलीकडे पत्र्याच्या शेडखाली निळी. त्या पिकअपला घरात कुणी गाडी म्हणतच नसे. अप्पांनी, धाकटीच्या सासऱ्यांनी, ती जुनीच विकत घेतली होती आणि तेव्हापासून तिचा एकही नट बाहेरच्या माणसाने खोलला नव्हता. आता तिचं नाक आत गेलं होतं आणि एक दिवा वायरला लोंबत होता. धाकटी त्या दिव्याकडे बघत होती. आईला वाटलं, पलंग दुसऱ्या भिंतीला लावायला हवा होता. एवढंसुद्धा आपल्याला सुचू नये!

"माझा भाऊ येतोय संध्याकाळी," धाकटी म्हणाली.

"येऊ दे ना. भेटून जाईल."

"भेटायला नाही. न्यायला येतोय."

आईने चादरीची न पडलेली सुरकुती सारखी केली. दारात तिचा नवरा, धाकटा, औषधांची पिशवी घेऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. अपघातानंतर धाकटी नवऱ्याशी एकच वाक्य बोलली होती. शुद्धीवर आल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू म्हणालास, ब्रेक झालेत." त्यानंतर पाणी हवं असलं तरी ती नर्सला सांगायची.

आणि धाकटा सगळ्यांना तेच सांगत सुटला होता. पोलिसांना, डॉक्टरांना, तिच्या भावाला. "चाकं मी उघडली होती. चूक माझी आहे." दवाखान्याच्या जिन्यात तो हे पहिल्यांदा बोलला तेव्हा आई शेजारीच उभी होती. तिला ठाऊक होतं की तो खोटं बोलतोय. ती काही बोलली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

*

थोरला बॅग न ठेवताच आत आला. तो दुसऱ्या गावी सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीवर होता. घरी यायचा तो सणासुदीच्या पाहुण्यासारखा, पण रागावून यायचा तेव्हा मात्र मालकासारखा. आज तो रागावून आला होता. धाकटीजवळ दोन मिनिटं उभा राहिला, पायाकडे बघायचं टाळून "काही लागलं तर सांग" म्हणाला, आणि भावाला खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"भंगारवाल्याशी बोललोय मी. परवा येऊन उचलून नेईल."

"निळी कुठे जाणार नाही," धाकटा म्हणाला.

"का? अजून कुणाचा पाय शिल्लक आहे?"

"हळू रे," आई म्हणाली. "तिला ऐकू जातं."

"जाऊ दे की ऐकू! आई, तू जन्मभर याला पाठीशी घातलंस. लहानपणी नळ उघडा ठेवला तरी 'लहान आहे', आणि आता बायकोला लंगडी केली तरी 'हळू बोल'." तो पुन्हा भावाकडे वळला. "ब्रेकचं काम झाल्यावर गाडी आधी अंगणात पुढे-मागे करून बघायची. हे आपल्याला अप्पांनी शिकवलंय की नाही?"

"शिकवलंय."

"मग बघितलीस?"

"नाही."

"का?"

"कुंड्या भरायच्या होत्या. घाई होती."

"घाई होती," थोरल्याने ते दोन शब्द तोंडात घोळवले. "भरलेली गाडी, पुढे तो उतार, आणि तू तिच्या हातात चावी दिलीस. तुझ्या हातात कधी कला नव्हतीच, पण निदान भीती तरी असायला हवी होती."

धाकट्याने पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या ओट्यावर एकाखाली एक मांडल्या. थोरला आणखी काही बोलणार होता, पण बोलायला समोरून काही मिळतच नव्हतं. ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखं झालं त्याला.

"अप्पा कुठायत?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "शेडमध्ये."

"या प्रकारानंतरही? काय करतायत तिथे?"

आईने गॅस बारीक केला. त्यावर भांडं नव्हतं.

*

अप्पांनी निळीचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी उचलून लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर, ठेवला होता. पुढच्या चाकांना दगड लावले होते. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो पाळलेला होता. थोरल्याला बरं वाटलं. या घरात एक तरी माणूस ठिकाणावर आहे.

"आलास? बरं झालं," अप्पा वर न बघता म्हणाले. जसा काही तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला होता. "ती पक्कड दे. आणि हिला पुढून कुणीतरी ठोकलीय बघ. विचारलं तर कुणी कबूल करत नाही."

थोरल्याला वाटलं, ही म्हाताऱ्याची चीड आहे. धाकट्याला मारलेला टोमणा. तो हसला सुद्धा.

"कबूल केलंय की त्याने."

"ब्रेक आजच व्हायला पाहिजेत. धाकटीला सकाळी माल घेऊन जायचंय."

थोरल्याचा हात पकडीवरच थांबला. "अप्पा, धाकटी आत आहे. पलंगावर."

"हो, आराम करू दे. फार राबते पोरगी." त्यांनी चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमवर हातोडीचे दोन हलके ठोके दिले आणि तो सहज ओढून काढला. ठोके अगदी त्यांचेच होते. ना कमी, ना जास्त. ओल्या फडक्याने त्यांनी आतली धूळ टिपली. फुंकर मारायची नाही, ती धूळ छातीत जाते, हेही त्यांनीच शिकवलेलं. मग ड्रमला आतून घासणारे दोन्ही अर्धगोल लायनर काढले, स्प्रिंगा काढून फडक्यावर ठेवल्या.

तेव्हा थोरल्याच्या लक्षात आलं की पलीकडचं चाकही उघडं आहे. तिथल्या स्प्रिंगा, लायनर, सगळं खाली मातीत पडलं होतं.

अप्पा दोन्ही चाकं एका वेळी कधीच उघडत नसत. एक उघडलं की दुसरं झाकलेलं ठेवायचं, म्हणजे जोडताना अडलं तर त्यात बघता येतं. आठ-दहा वर्षांच्या थोरल्याला त्यांनी हे सांगितलं होतं तेव्हा त्याने विचारलं होतं, "तुम्हाला कधी अडतं का?" आणि ते म्हणाले होते, "अडायच्या आधीच सोय करायची असते."

अप्पांनी एक लायनर उचलला, बसवला, काढला. उलटा करून बसवला. आखूड पुढे आणि लांब मागे, इतकं साधं होतं ते. त्यांनी दोन्ही लांबच घेतले, एक या चाकाचा आणि एक त्या चाकाचा, आणि ते जुळेनात म्हणून थोडा वेळ हातात धरून बसले. थोरला गंमत बघावी तसा बघत होता. मग त्याची गंमत संपली. अप्पांनी एक बारकी स्प्रिंग फडक्यावरून उचलली, चहूकडून पाहिली आणि हळूच खिशात टाकली.

"अप्पा, ती..."

"ही जास्तीची आहे."

"जास्तीची नाही. ती तिथे खाली बसते."

अप्पांनी मान वर केली. चोरी पकडलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं. मग ते कडाडले, "मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून मी हे उघडतोय!" आणि आवाज विरायच्या आत, अगदी वेगळ्या, लहान आवाजात म्हणाले, "मग सांग ना. कुठे बसते?"

थोरला त्यांच्याशेजारी मातीत बसला. त्यांच्या खिशातून स्प्रिंग काढली. यंत्रं जोडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, पण आकडा भोकात घालताना पक्कड तीनदा निसटली.

*

"कधीपासून?" थोरल्याने विचारलं.

धाकटा पाण्याच्या टाकीजवळ वाफ्यांना पाणी सोडत होता. पाइप तसाच धरून म्हणाला, "वर्ष झालं असेल. आधी हत्यारं चुकीच्या खणात ठेवायचे. मग नट सैल सोडायला लागले. ते काम करून आत गेले की मी मागून सगळं तपासायचो. कळू द्यायचो नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही तपासलं." पाणी वाफ्यातून बाहेर वाहू लागलं होतं. "ती चावी घेऊन उभी होती. म्हणाली, ब्रेक झाले का? अप्पा फडक्याला हात पुसत म्हणाले, झाले. आणि मी पण म्हणालो, झाले."

"मग तू खोटं का सांगत फिरतोयस? ती तुला सोडून चाललीय, गाढवा. मी मघाशी तुला काय काय बोललो..."

"बोल की. खरंच आहे ते. माझीही चूक आहेच."

"पण अप्पांचं नाव..."

"दादा, तू ऐक." धाकट्याने पाइप खाली टाकला. "दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना सांगितलं होतं. रागाच्या भरात सांगितलं. ते जमिनीवर बसले आणि कपाळ बडवून घेतलं त्यांनी. मी आणि आईने हात धरले. दुसऱ्या दिवशी उठले ते जॅक घेऊन बाहेर. काही आठवत नव्हतं. म्हणजे सांगायचं तर रोज नव्याने सांगावं लागणार आणि रोज त्यांना ते नव्यानेच कळणार. कुठल्या माणसाला अशी शिक्षा देतात? त्यापेक्षा मी आहे ना. मला एकदाच कळलंय."

थोरल्याने बॅगेत भंगारवाल्याचा नंबर लिहून आणला होता. तो आता बॅगेतच राहणार होता. भावाच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण त्यांच्यात ती सवय नव्हती. तो वाकून नळ बंद करू लागला.

"बरं," तो म्हणाला. "मग मीही तेच सांगेन. तूच उघडली होतीस."

*

धाकटीला शब्द कळत नव्हते, पण टाकीजवळ उभे दोघे तिला दिसत होते. मघाशी स्वयंपाकघरात भांडत होते. आता एकमेकांना धरून उभे असल्यासारखे दिसत होते. या घराचं हे असंच होतं. बाहेरून कितीही तडे दिसोत, वेळ आली की चिरे आपोआप एकमेकांना लागत.

शेडमधून अप्पांची हाक आली. "अगं ए! हवा काढायचीय. पायडलवर बस."

हे काम एकट्याचं नव्हे. एकाने आत बसून ब्रेकचं पायडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने मागे चाकाजवळ निपलचा बारका नट सैल करून ब्रेकच्या तेलाच्या नळीत अडकलेली हवा जाऊ द्यायची. आईचं लग्न झाल्यापासून पायडलवर तीच बसत आली होती. धाकटीला ते आवडायचं. तिला वाटायचं, आपणही म्हातारपणी असंच एकमेकांना ओरडत गाडी दुरुस्त करू.

आई ओले हात पुसत शेडकडे गेली. दार अर्धंच उघडलं. पत्रा आत आल्यामुळे तिला पाय तिरका घालून बसावं लागलं.

"दाब!"

आईने दाबलं.

"धर... सोड. दाब!"

पुन्हा. मग तिसऱ्यांदा हाक आली आणि पायडल हललं नाही. "अगं, दाब की!" अप्पा मागून ओरडले. आई स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. मग ती उतरली. चपला तिथेच राहिल्या. अनवाणी अंगण ओलांडून ती सरळ पुढच्या खोलीत आली आणि पलंगाशी उभी राहिली.

"ब्रेक त्याने नव्हते केले," आई म्हणाली. "ह्यांनी केले होते. ह्यांना आता येत नाही."

धाकटीला कळायला वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. मागून तपासणारा नवरा, शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, अप्पांनी तिला दोनदा विचारलेलं तिचं माहेरचं गाव.

"आणि पायडलवर मी होते," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पायडल खाली जात होतं. तळाला टेकत होतं. इतकी वर्षं बसतेय मी, पायाला कळतं मला. हवा निघाली की ते कडक होतं. ते झालंच नाही कडक. मी म्हटलं, अहो, मऊ लागतंय. ते म्हणाले, झालं, उतर. त्यांचे डोळे भरले होते गं. मला वाटलं, आता पुन्हा म्हटलं तर माणूस मोडेल. वाटलं, पोरगा मागून बघतो ना. तो रोज बघतो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी गाडी बाहेर काढली तेव्हा तुम्ही फाटकाशी उभ्या होतात."

"हो."

"हात हलवलात मला."

आईने पलंगाची कड धरली. तिला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी हलकं होईल. काहीच झालं नाही. दारात दोघे भाऊ येऊन उभे राहिले होते. धाकटा "आई!" म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती.

धाकटी रडली नाही. ती एकेकाकडे बघत गेली आणि शेवटी नवऱ्यापाशी थांबली.

"तुला वाटलं असेल, खरं कळलं की मी थांबेन."

"मला वाटलं नव्हतं, कळेल."

"तुझी चूक आहे असं समजत होते तोवर सोपं होतं रे. माणूस चुकतो. आज ना उद्या मी तुझ्याशी बोलले असते." ती श्वास घ्यायला थांबली. "पण तुम्ही सगळे काळजी घेत होता. तू अप्पांची, आई अप्पांची, आता दादा तुझी. सगळ्यांनी एकमेकांना इतकं जपलं आणि स्टिअरिंगवर मला बसवलं. माझं कुणाच्या मनातच आलं नाही."

"असं नाही गं..." धाकटा पुढे आला.

"असंच आहे. उतारावर मी पायडल दाबत होते, दाबत होते, आणि मला काय वाटत होतं माहितीये? की माझंच काहीतरी चुकतंय."

बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

*

तिच्या भावाने आणि थोरल्याने मिळून तिला खुर्चीसकट उचललं. धाकट्याने पाय धरला, कारण पाय कसा धरायचा हे डॉक्टरांनी त्याला दाखवलं होतं. चौघे अंगणातून सावकाश निघाले तेव्हा शेडमधून अप्पा पुढे आले. कोपरापर्यंत काळे हात, चेहऱ्यावर हसू.

"निघालीस? अगं, मग निळी घेऊन जा ना. ब्रेक केलेत मी."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर विनवणीची होती. धाकटीने ती पाहिली, आणि भावाला म्हणाली, "खाली ठेव जरा."

खुर्ची जमिनीवर टेकली. ती अप्पांच्या डोळ्यांत बघत बोलली. ओरडली नाही की थरथरली नाही. "अप्पा, ब्रेक तुम्ही मागेही केले होते. ते लागले नाहीत. मी भिंतीवर गेले. हा पाय त्यात गेला. डॉक्टर म्हणतात, बहुतेक काठी कायमची."

"नको गं," आई म्हणाली.

अप्पांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस हळूहळू बदलला. ते सळ्यांकडे बघत राहिले. मग वळून निळीच्या चेपलेल्या नाकाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. थोरला त्यांना सावरायला पुढे झाला, पण ते पडले नाहीत, त्यांनी कपाळही बडवलं नाही.

"हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, अप्पा," धाकटा म्हणाला. "तुम्ही विसरता."

"विसरतो." त्यांनी तो शब्द मनाशी तपासून बघितला. "मग रोज सांगायचं. मी भांडेन, हात उचलीन कदाचित. तरी सांगायचं. नाही सांगितलं तर मी पुन्हा चाकं उघडीन आणि पुन्हा कुणीतरी माझ्या शब्दावर गाडी काढील." ते धाकटीजवळ आले, पण काळे हात तिला लावायला धजले नाहीत. "पोरी, तू बरं केलंस. या घरात तू एकटीच माझ्याशी माणसासारखं बोललीस."

माफ केलं असं धाकटी म्हणाली नाही. भावाला म्हणाली, "चल."

गाडीत तिला बसवून झाल्यावर धाकटा दाराशी वाकला. "मी येऊ?"

"आत्ता नको."

"कधी?"

तिने दाराची काच वर घेतली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो रस्त्यातच उभा होता. शेवटी थोरल्याने त्याला दंडाला धरून आत आणलं.

*

सकाळी आईला जाग आली ती जॅकच्या चाकांच्या घरघराटाने. अप्पा तो ओढत अंगणातून शेडकडे चालले होते. दोन्ही मुलं उठली नव्हती. तिने मुद्दामच त्यांना उठवलं नाही. चहा केला, कप भरून शेडमध्ये गेली आणि उलट्या कुंडीवर बसली.

"अहो, जॅक ठेवा. इथे बसा."

"हिला पुढून कुणी ठोकली?"

"बसा, सांगते."

तिने सगळं सांगितलं. उतार, भिंत, पाय, काठी. धाकटी गेली तेही सांगितलं. अप्पा आधी हसले, मग चिडले, मग "खोटारडी" म्हणाले आणि चहाचा कप त्यांनी मातीत ओतला. मग त्यांचा हात तसाच रिकामा कप धरून राहिला आणि ते बराच वेळ रडले. आई बसून राहिली. रडणं ओसरल्यावर त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि मिस्त्रीच्या सवयीने बिघाडाचा उलटा माग काढत विचार करू लागले. कपाळाला आठ्या पडल्या.

"हवा राहिली असणार नळीत," ते म्हणाले. "पण मग पायडल मऊ लागलं असणार. पायाला कळतं ते. पायडलवर कोण होतं?"

"मी."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिला ओळखणारं सगळं काही होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

आई उत्तर शोधत राहिली. कालपासून ती तेच शोधत होती. अप्पा वाट बघत समोर बसून होते.